रांजणाले लावलेली राळ

बा, यंदा सालईच्या झाडाची राळ काही चांगली नाही आली. डोंगरातले कोरकू अंजनगावच्या बाजारात घेऊन येतात तीच, पण राळ थोडी आणि सालीचा कचराच जास्त. तू असता तर त्यांच्या टोपलीत बोटं घालून अर्धी तिथंच वापस टाकली असती. मी सगळी घेतली, मले घाई होती. तुले जाऊन इतकी वर्सं झाली, आणि तुह्याशी बोलायचं सुचलं ते राळेवरून, याचा राग धरू नको. अक्षरंही तूच शिकवली. गावाचे विळे, सुऱ्या, पटाशा तुह्याकडे राळेनं मुठीत बसवायले यायच्या, आणि कोणाचं काय ते मुठीवर कोळशानं लिहून ठेवायले तुले घरातलं कोणी पाहिजे होतं. तेवढ्यापुरती मी शिकली. म्हणून माह्या अक्षराले मुठीएवढीच जागा मानवते, कागदावर ते सैरावैरा पळून राहिलं.

सांगायचं ते सरळ सांग, असं तूच नेहमी म्हणायचा, तर ऐक. तुही नात तेल्हाऱ्याकडे दिली आहे, खारपाणात. तिकडच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ त्या पाण्यात शिजत नाही. गोड पाणी दूरच्या नदीवरून बंडीनं येतं, तेही बंडी मोकळी असली तर, आणि आलं की रांजणात भरून पुरवून पुरवून प्यायचं. तिच्या सासरचा रांजण फुटला. पोरगी दिवसांत आहे. मागच्या खेपेले तिचे पाय सुजले, तोंड सुजलं, आणि मी तिले माहेरी आणायच्या आधीच सातव्या महिन्यात पोर गेलं. वैद्याले काय म्हणायचं ते म्हणो, मी त्या खाऱ्या पाण्याले दोष देते. यंदाही सातवाच लागला आहे. धाडा म्हटलं तर सासू निरोप धाडते, 'कापूस बाजारात वाहून होऊ द्या, मंग बंडी मोकळी होईन, मंग धाडू.'

कापूस काही वाहून संपत नाही, बा. सात समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली म्हणतात, आणि इथं कापसाले सोन्याचा भाव आला. तू पाहिलं नाही ते बरं. लोकांनी बैलाच्या शिंगाले चांदी मढवली. ज्वारीच्या वावरात कापूस, घरामागच्या परसात कापूस. आपल्या कुंभारानं चाक बंद करून गाढवांवर सरकी वाहायले सुरुवात केली. मी नवा रांजण मागायले गेली तर म्हणतो, 'वैनी, मातीत हात कोन घालते आता? पुढच्या साली पाह्यजो.' मी म्हटलं, 'पुढच्या साली तुह्या गाढवाले पाजशील का पाणी सरकीत?' तो हसला. रांजण काही दिला नाही.

मग राहिला आपला जुना रांजण, ज्याले पोटापासून खाली चीर गेली होती आणि ज्यात मी वाल ठेवत होती. चीर राळेनं भरायची म्हणून तो बाहेर काढला आणि राळ वितळवायले खापर चुलीवर ठेवलं.

राळ वितळायले लागली की मले आपलं जुनं घर दिसते. माय भाकरी थापून राहिली आहे आणि तिच्याच चुलीच्या तोंडाशी तू खापर सरकवून देतो. ती म्हणते, 'झालं, आता भाकरीले देवळाचा वास येईन.' तू म्हणतो, 'मंग देवाच्या अगुदर मले वाढ.' ती हसत नाही, पण पहिली भाकर तुलेच टाकते. मले तू खापर राखायले बसवतो, आणि मी बाहेर कोणाच्या बैलाची झुंज लागली ती पाहायले पळते. वापस येते तर राळ उकळून पेटलेली. तू राखेनं विझवली, खापर थंड होऊ दिलं, मग त्यातला तुकडा माह्या नखाखाली धरून मोडला. 'पाह्य. हे आता काच झालं. काचेनं काय चिकटते?' मारलं असतं तर मी विसरली असती. सांजेले तू नवी राळ घालून खापर पुन्हा माह्याच पुढं ठेवलं. सोबत सागाची चपटी काडी दिली, माह्या हाताच्या मापानं तासलेली, ढवळायले. दुसऱ्या कोणाच्या हाताले ती बसत नव्हती.

तर यंदा मी जागची हलली नाही. राळ फडक्यातून गाळली, बाभळीचा कोळसा काजळासारखा वाटून घातला, बकरीच्या सुक्या लेंड्यांची भुकटी घातली, तू भिंतीच्या मातीत तणस घालावं तशी घालायचा. मेणापाशी येऊन हात थांबला. तू मूठ बसवायची राळ हिवाळ्यात मेण जास्त घालून करायचा, उन्हाळ्यात कोळसा जास्त घालून. पण मूठ घरात राहते. हा रांजण वैशाखाच्या उन्हात बंडीवर जाणार. मऊ केली तर उन्हानं वाहीन. कडक केली तर काळ्या मातीच्या भेगाळलेल्या वाटेवर बंडीच्या हिसक्यानं तडकून जाईन. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते तू कधी सांगतलं नाही, किंवा सांगतलं तवा मी बैलाची झुंज पाहत होती. मी मधलं काही तरी केलं. चीर आधी ऊन करून घेतली, बाहेरून राळ भरली, वरून राळेत बुडवलेली चिंधी बसवली. पाणी भरून पाहिलं, थेंब नाही पडला. पण तो रांजण इथं सावलीत होता, भरलेला आणि थंडगार. पाण्यानं भरलेल्या रांजणाले कोणतीही राळ धरते. परीक्षा उन्हात तापणाऱ्या कोरड्या रांजणाची असते.

म्हणून बंडीवाल्याले म्हटलं, तळाशी पाणी राहू दे आणि बाहेरून ओलं पोतं गुंडाळ. तो कापसाचे गठ्ठे घेऊन अकोल्याले चालला होता, तेल्हाऱ्यावरून जातो म्हणाला होता. त्यानं पोतं पाहिलं आणि खालीच टाकलं.

'काकू, गठ्ठ्याच्या बाजूले पानी? कापूस भिजला तर शेठ मले सोलून वाळत टाकीन.'

'अरे, पोरीच्या पाण्यासाठी रांजण चालला.'

'तुह्या पोरीले रांजन पोचवतो, पन कोरडाच नेईन. नेऊ का ठेवू?'

ने म्हटलं. कोरडाच नेला. कापसात बसवून नेला, तेवढं त्यानं चांगलं केलं, मूल ठेवावं तसा.

काल तो वापस आला. मी त्याले बैलही सोडू दिले नाही. रांजण पोचला म्हणतो. सासूनं उतरवून घेतला. पाणी भरून पाहिलं का, विचारलं, तर म्हणतो, 'मी काय पानी भरतपर्यंत बसलो होतो व्हय तठी?' मग म्हणाला, 'पोरीनं निरोप देल्ला. मायले सांगजा, सगळं बरं हाय, काळजी करू नको.' तिचे पाय पाहिले का रे, म्हटलं. तो लाजला. परक्याच्या सुनेचे पाय तो काय पाहणार.

बा, 'सगळं बरं हाय' म्हणूनच मागच्या खेपेलेही निरोप आला होता. ती पोरगी काटा रुतला तरी 'बरं हाय' म्हणते. हे कोणाचं घेतलं ते मले विचारू नको. जो निरोप ऐकून दुसरी माय निजली असती, त्यानं माही झोप गेली.

आज बंडी पुन्हा चालली आहे आणि त्यानं गठ्ठ्यांवर मले बसायपुरती जागा ठेवली. राळेचे खडे, मेण आणि कोळशाची पूड मी बांधून घेतली. चीर सुटली असली तर तिथंच बसून भरते. सासूचं काय ऐकायचं ते ऐकते, आणि पोरीले घेऊनच येते, कापसावर बसवून. हे सगळं ठरलं आहे. बंडीवाला दारातून तिसऱ्यांदा हाक मारून राहिला, 'काकू, ऊन चढून राहिलं ना.' मी आली म्हणते आणि लिहीतच राहते. तुले हे कुठं धाडायचं ते मले ठाऊक नाही, आणि धाडायचं नाहीच. राळ धरली का नाही याची चिंता आहे, पण मी उठत नाही ती त्यासाठी नाही. तिथं पोचली की तिचे पाय दिसतीन. इथं बसली तोवर ते सुजलेले नाहीत.