गाडीत काही दोष नाही

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
रीडिंग: ०

शोरूमवाल्यानं गाडीबरोबर ही वही दिली. म्हणाला, तारीख टाकायची, मीटरचं रीडिंग टाकायचं, गाडीनं काही त्रास दिला तर खाली लिहायचं. म्हटलं, नवीकोरी गाडी आहे, त्रास कशाला देईल? तर हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. चौथीत शाळा सुटली पण लिहायला येतं मला. वही भरून दाखवीन.

गाडी म्हणजे एटीव्ही. मोटरसायकलला चार जाडी चाकं लावली की होते ती. एका रिसॉर्टवर बघितली होती. आयटीतली शिकलेली माणसं रांग लावून बसत होती, एक चक्कर मारायची आणि किंचाळायचं. आमचा लोणीतला माळ रिकामाच पडलाय. खराडीचं पब्लिक रविवारी इकडं आणायचं. दोन म्हशी विकल्या आणि घेतली. मालक म्हणाले, सोजर, म्हशी दूध देत होत्या. म्हटलं, म्हशीवर कुणी तिकीट काढून बसतं का? नवऱ्याला एवढंच उत्तर पुरतं.

संतोषला खराडीत भाड्यानं घर घ्यायचंय. ऑफिसला जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात म्हणे. त्याला सांगितलं, धंदा चालू होतोय, बुकिंगचे फोन घ्यायला सून पाहिजे, तुम्ही गेल्यावर इंग्रजीत कोण बोलणार, तुझा बाप? संतोष म्हणाला, आई, महिनाअखेरपर्यंत बघू. धंदा चालला तर राहू, नाही तर एक तारखेला जाऊ. बघा म्हणावं. ओवी जाईल म्हणून मी काही रडत बसणारी नाही. संतोषची चार वर्षांची पोर, दिवसभर घर विस्कटते. हा निव्वळ धंद्याचा विषय आहे.

शोरूमवाला गाडीवरचं प्लास्टिक फाडायला लागला होता. हातावर चापट मारली. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढतं का कुणी? आमच्या फ्रीजच्या दारावरचं अजून आहे. अकरा वर्षं झाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
रीडिंग: ०.४

पहिली चक्कर मी मारली. लिंबाच्या झाडापर्यंत झकास गेली. तिथं खोकली आणि बसली. परत चालू केली, परत खोकली. ढकलत आणली. मालक ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, म्हैस निदान आपल्या पायानं घरी यायची.

दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या तेव्हा पहिला ठसका मालकांना लागला. समजलं कुणाची लागलीय ते.

५ ऑक्टोबर, रविवार.
रीडिंग: १.९

पहिलं गिऱ्हाईक. दोन पोरी आणि एक दाढीवाला. दाढीवाल्यानं गाडी नेली ती थेट कुंपणाला. पुढं तार, मागं यायला रिव्हर्स पडेना. तो ओरडतो, आंटी, रिव्हर्स लागत नाहीये. म्हटलं, माणसानं पुढंच बघावं. शेवटी चौघांनी उचलून फिरवली. जाताना सुनेच्या, नम्रताच्या मोबाईलवर काहीतरी लिहून गेले. नम्रता म्हणाली, आई, एक स्टार दिलाय. सुरुवातीला एकच बरा. हळूहळू वाढतील.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
रीडिंग: १.९

कंपनीला फोन. कुणी रोहन बोलला. मॅडम, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. म्हटलं, मॅडम म्हणू नको, माणूस पाठव. म्हणाला, मॅडम, आठ दिवस लागतील.

ठरवलं. नाही सुधारली तर गाडी रिटर्न. रिटर्नचा नियम मला माहीत आहे, पॅकिंग शाबूत पाहिजे. मोबाईलची खोकी आपण काय उगाच जपून ठेवतो? शोरूमच्या प्लास्टिकचे कोपरे निघायला लागलेत, म्हणून मंडपवाल्याकडून जाड प्लास्टिक आणलं आणि सगळी गाडी गुंडाळून सुतळीनं बांधली. पुढची जाळीसुद्धा. सीटखाली एक भोक होतं, तेही बंद केलं. धूळ आत जाऊन वाटोळं व्हायला नको.

नम्रता म्हणाली, आई, ती जाळी हवेसाठी असेल. म्हटलं, थंडीत म्हशींना पोती घालत होतो ना, मेल्या का? सुनेला गाडीतलं काही कळत नाही. शिकलेली आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार.
रीडिंग: ३.२

गाडी तापली. धूर आला. प्लास्टिक सायलेन्सरला चिकटलं आणि माळभर वास. ओवी ओरडली, आजी, भजी जळली! गिऱ्हाईकं हसली. हसून निघून गेली.

ओवीला गाडीवर बसायचंय, रोज मागं लागते. नाही म्हटलं. प्लास्टिक फाटेल. एकदा धंदा बसू दे, मग रोज बस म्हटलं.

वितळलं तेवढं कापून काढलं. नवं लावलं. दुप्पट.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
रीडिंग: ३.५

रोहन स्वतः आला. फोनवर आवाज मोठ्या साहेबाचा, समोर काडी. गाडीभोवती त्यानं आधी एक चक्कर मारली. मग म्हणाला, मावशी, हिला काय थंडी वाजते का?

सोडायला तासभर लागला. सगळं काढल्यावर म्हणाला, मावशी, हिचं नाक तुम्हीच दाबून धरलं होतं. चालू केली, लगेच चालली. योगायोग.

पण ऐका! रिव्हर्सची केबल फॅक्टरीतूनच उलटी बसवलेली निघाली. त्यानं स्वतः कबूल केलं. वहीत लिहून घेतलं, सही घेतली. मालकांना दाखवली. म्हटलं, वाचा, दोष कंपनीचा. मालक म्हणाले, केबलचा कंपनीचा. मी म्हटलं, एक दोष निघाला म्हणजे बाकीचे पण त्यांचेच.

रोहननं केबल बसवली, ब्रेक आवळले, आणि दहा वेळा बजावलं, आता प्लास्टिक लावू नका. कंपनीचा माणूस असं सांगणारच. पॅकिंग काढलं की रिटर्नचा विषय संपला त्यांचा. मी काय आज जन्मले?

तो फाट्यापर्यंत पोचला नसेल तोवर परत बांधली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.
रीडिंग: ३.५

गाडीची पूजा. आता सुरळीत चालणार. संतोषलाच गळ घातली, तुझ्या ऑफिसची माणसं येत्या रविवारी आण. अकरा जणं येणार. त्याच्या वरच्या मॅडमसुद्धा, रुपाली म्हणून. एकदा त्यांनी डोळ्यांनी बघितलं की संतोषच म्हणेल, आई, हे सोडून जायचं कशाला? नम्रतानं कप-बशा कागदात गुंडाळायला घेतल्यात. घेऊ दे. परत सोडायला तिलाच लागतील.

२६ ऑक्टोबर, रविवार.
रीडिंग: ९.८

सकाळ चांगली गेली. पिठलं-भाकरी दिली, फोटो काढले. दहा जणांनी चकरा मारल्या. प्रत्येकानंतर मी गाडी थोडी थांबवत होते, गिऱ्हाइकाला वाट बघायला लावली की किंमत वाढते.

शेवटी रुपाली मॅडम. त्या मोठ्या म्हणून सगळ्यात लांबची चक्कर, पार ओढ्यापर्यंत. तिथं गाडीनं धूर सोडला आणि बसली. काल रात्री पाऊस झालेला, सगळा चिखल. मॅडम बूट हातात घेऊन चालत आल्या. संतोष पुढं पळाला, पाणी द्यायला. चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत. हात धुता धुता त्याला विचारलं, तू रोज इथून येतोस? अरे, मग शिफ्ट हो ना लवकर.

संतोषनं माझ्याकडं बघितलं नाही.

गाडी चिखलात. मालक आणि मी ओढत आणली. वाटेत मालक एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

कारण: ओढ्याकडची हवा गाडीला मानवत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
रीडिंग: १२.१

प्लास्टिक काढलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. उन्हानं पिवळं पडलं होतं, बरं दिसत नव्हतं.

सव्वादोन किलोमीटर सलग चालवली. ओढ्यापर्यंत गेले, परत आले, परत गेले. खोकली नाही. रिव्हर्स पण लोण्यासारखा. घरात जाऊन संतोषला सांगितलं, गाडी चालते. तो म्हणाला, आई, चावी घेतलीय घराची. मी म्हटलं, गाडीची चावी म्हणतोस का. तो म्हणाला, नाही.

मग म्हटलं, बरं.

३० ऑक्टोबर, गुरुवार.
रीडिंग: १२.१

रोहनचा फोन, मावशी, काय म्हणते गाडी? म्हटलं, ठीक आहे. म्हणाला, रिटर्न करायची होती ना? म्हटलं, करायचीच आहे. विचार चाललाय.

संकल्प: एक तारखेला सकाळी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहायचं. ज्याला जायचं त्यानं जावं.

१ नोव्हेंबर, शनिवार.
रीडिंग: १७.७

पावसानं आमच्या वाटेची वाट लागलेली. टेम्पो आत येईना, हायवेलाच उभा. कपाट, गादी, भांडी, ओवीची सायकल, एवढं सगळं चिखलातून न्यायचं कसं? टेम्पोवाला म्हणाला, उद्या ऊन पडलं की येतो. मी म्हटलं, असू दे, उद्याच जा. तेवढ्यात मालक म्हणाले, आपली चार चाकं हायत की.

मी सरळ सांगितलं, ती बंद पडते, तिचा भरवसा नाही. संतोष म्हणाला, बघू तरी, आई. टाकीत पेट्रोल नावाला होतं, भरायचं राहून गेलं होतं माझं. दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही. बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू.

सात फेऱ्या. चिखल एवढा की चप्पल रुतते, गाडी नाही रुतली. कपाट आडवं बांधलं होतं, तरी नाही. चढावर मुद्दाम हळू घेतली, तिथं ती नेहमी खोकते. नाही खोकली. पेट्रोलचा काटा खाली टेकला होता. कशावर चालत होती देव जाणे.

सातव्या फेरीला ओवीला पुढं बसवलं. दोन्ही हातांनी हँडल धरलं तिनं आणि किंचाळली, अगदी त्या रिसॉर्टवरच्या माणसांसारखी. हायवेला पोचल्यावर म्हणाली, आजी, अजून एक. टेम्पोवाल्याला उशीर होत होता. नम्रता पाया पडली. संतोष म्हणाला, आई, दर रविवारी येऊ. मी म्हटलं, रविवारी धंदा असतो.

येताना एकटी आले. तेव्हाही बंद पडली नाही.

घरी येऊन रोहनला फोन लावला. कम्प्लेंट लिहून घे म्हटलं. त्यानं विचारलं, काय झालं, मावशी? म्हटलं, आज सात फेऱ्या मारल्या, एकदाही बंद पडली नाही. तो म्हणाला, मग कम्प्लेंट काय लिहू?

म्हटलं, तेच लिही.