डबीतलं पाणी

परळ, मुंबई
६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय ललिताआत्या हिस,
रश्मीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन हल्ली माझ्याकडे निरखून बघतो, कारण अख्ख्या चाळीत हाताने लिहिलेलं पत्र फक्त मला येतं. त्याला काय सांगणार, की आमची आत्या मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात उभी राहून राहून कान तिथेच ठेवून आली, आणि आता फोनवर तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं!

मोठी बातमी अशी, की माझ्या उजव्या डोळ्याला लेन्स बसली. डाव्याचं तुला ठाऊकच आहे. बुबुळ सुजलं, डाग पडला, आता त्याने उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्याचंही बुबुळ तसंच टोकदार होत पुढे आलंय, म्हणून चष्मा लावूनही अक्षरं एकमेकांना चिकटलेली दिसायची. गिरगावच्या छापखान्यात प्रुफं तपासणारी बाई, आणि तिला म आणि भ यातला फरक कळेना! मालक बुधाजीशेठ भले, म्हणून टिकले. ही लेन्स कडक असते, शर्टाच्या बारक्या बटणाएवढी. पहिले काही दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटलं, नुसती रडरड. आणि मग एका सकाळी समोरच्या गच्चीतल्या दोरीवरचे चिमटे सुटे सुटे दिसले. मी खिडकीत उभी राहून बघतच राहिले गं.

लेन्स बसवणाऱ्या मॅडमनी चांगलाच दम भरलाय. साबणाने हात धुवून, कोरडे करूनच लेन्सला हात लावायचा. रोज औषधाने तळहातावर चोळायची. डबीतलं कालचं औषध ओतून टाकून नवं भरायचं. लेन्स घालून झोपायचं नाही. थुंकी लावून ओली करायची नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेन्सला, तिच्या डबीला, पाण्याचा थेंबसुद्धा शिवू द्यायचा नाही. काढताना डोळ्याचा कोपरा ओढून पापणी मिटली की टुपकन हातावर पडते. राजरत्नने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या या शूर भावाच्या हातून चहा सांडला.

पत्र लगेच टाक, आळस करू नकोस.
तुझी,
रश्मी

महाडजवळून
१९ फेब्रुवारी २०२४

चि. रश्मीस,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

डोळ्याचं वाचून जीव भांड्यात पडला. चिमटे दिसले ना, आता त्याच डोळ्याने एखादा बरा मुलगापण दिसू दे. शेजारची इरावती तुझ्याहून लहान, तिला दुसरं झालं.

पण पुढचं वाचलं आणि माझं टाळकंच फिरलं. पाणी शिवू द्यायचं नाही? कोण गं ही मॅडम? तिने आधी तुझं आडनाव वाचलं का? मी एवढीशी होते तेव्हा विहिरीच्या खालच्या अंगाला हंडा ठेवून उन्हात उभी राहायचे. वर कोणाला दया आली तर ओतणार, तेही उंचावरून. अर्धं हंड्यात, अर्धं माझ्या अंगावर. आणि कान भरून एकच, शिवू नको, शिवू नको. माझा बाप तळ्यावर गेला होता, ओंजळभर पाणी प्याला आणि परत येताना डोकं फोडून घेतलं. त्याच्या नातीने आता पाण्याला भ्यायचं होय? पाण्याहून स्वच्छ काय असतं जगात? औषधाच्या बाटल्या खपवायचा धंदा आहे सगळा.

जयंतीला मी येतेच आहे, चांगली महिना-दीड महिना मुक्काम. कुळीथ आणि सुकट आणते. तुझी ती डबी काय प्रकरण आहे तेही बघते.

स्वतःला जप, राजरत्नला जेवल्याशिवाय कामावर सोडू नकोस.
तुझी आत्या

परळ, मुंबई
२ मार्च २०२४

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अगं, त्या बिचाऱ्या मॅडमवर कशाला चिडतेस! त्यांनी पाणी लावू नका एवढंच सांगितलं. शिवू देऊ नका हे माझं, लिहिण्याच्या ओघात. दुसऱ्यांची प्रुफं तपासते आणि स्वतःचं पत्र न वाचता पाकिटात घालते. लिहिताना तो शब्द तुला कुठे लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माफ कर.

पण कारण खरं आहे. पाण्यात, अगदी गाळलेल्या पाण्यातही, डोळ्याला न दिसणारे जीव असतात. प्यायलं तर पोट त्यांना पुरून उरतं. लेन्सखाली अडकले तर मात्र बुबुळ खातात. हा नियम मलबार हिलच्या बाईलाही आहे, तिथे आडनाव बघत नाहीत. एवढं ऐक माझं. हा एकच डोळा आहे मला, आत्या.

लवकर ये. कुळीथ जास्त आण, सुकट कमी, खालच्या काकू नाक मुरडतात.
वाट बघणारी,
रश्मी

महाडजवळून
२१ मे २०२४

चि. रश्मीस,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एस्टीत गुडघे आखडले, बाकी ठीक. तुमच्याकडे दिवस कसे गेले कळलंच नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तू मला लांबूनच बोट करून माणसं दाखवत होतीस, कोण कुठल्या साडीत आहे ते खुणांनी सांगत होतीस, तेव्हा मला वाटलं, आता ही पोर मार्गी लागली.

तुझं आणि माझं त्या डबीवरून पत्रांतून जे काय झालं ते मी विसरले. रोज सकाळी ती डबी मीच धुवायचे, कसला बुळबुळीतपणा तो! पण मी काही नळाखाली धरली नाही हो. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून, वेगळ्या तांब्यातल्या पाण्याने धुवायचे. तू आरशापुढून बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. मनात म्हटलं, पटलं पोरीला. आत्याच्या हाताला गुण आहे.

निघताना डोळा जरा लालसर वाटला. जागरणं करतेस प्रुफांपायी. झोपत जा.

तुझी, कानाने गेलेली पण जिभेने शाबूत,
आत्या

परळ, मुंबई
९ जून २०२४

आदरणीय आत्या,
जयभीम. वि. वि.

मी राजरत्न. शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, चुकलं तर समजून घे. ताईला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितोय.

ताईचा उजवा डोळा बिघडलाय. आधी वाटलं डोळे आलेत. मग दुखायला लागलं ते असं, की तोंडात टॉवेल धरून बसायची. इथल्या हॉस्पिटलमध्ये बुबुळ खरवडून तपासलं. आता दर तासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा. मी गजर लावतो. उजेड अजिबात सोसत नाही, म्हणून खिडक्यांना चादरी लावल्यात. दिसत नाही म्हणजे काहीच दिसत नाही, समोर माझा हात हलवला तर सावली हलल्यासारखी वाटते म्हणे. छापखान्यात दुसरी मुलगी ठेवली. बुधाजीशेठ घरी येऊन गेले, ते तरी किती थांबतील.

रस्त्याच्या कामाची धूळ गेली आणि त्याने झालं. तसं लिही म्हणाली ताई.

तू काळजी करू नको. इतक्यात येऊ पण नको, इथे तुझी आबाळ होईल.
तुझा,
राजरत्न

महाडजवळून
१८ जून २०२४

चि. रश्मीस,
आत्याचा जयभीम.

राजरत्न भोळा आहे. तसं लिही म्हणाली, हेपण त्याने लिहून टाकलंय. म्हणजे खरं वेगळं आहे.

मी पत्र घेऊन आरोग्य केंद्रातल्या प्रिती नर्सकडे गेले. तिने वाचलं आणि कागदावर पहिलाच प्रश्न लिहिला, लेन्सला पाणी लागलं होतं का. मी हो म्हटलं. त्या पोरीने पाणी या शब्दाखाली रेघ ओढली आणि कागद माझ्या हातात दिला. घरी आले ती चूल पेटवली नाही.

रश्मी, माझ्या हाताने झालं का गं? खरं लिही. खोटं लिहिलंस तर माझं मेलं तोंड बघशील. मी नर्सला म्हटलं, माझा डोळा काढा आणि द्या तिला, मला म्हातारीला काय बघायचं उरलंय. तर तिने लिहिलं, जिवंत माणसाचा घेत नाहीत. हेही मेलं माझ्या हातात नाही.

तू मला लिहिलं होतंस. सरळ, स्वच्छ लिहिलं होतंस. आणि माझ्या डोक्यात त्या विहिरीवरच्या बायका ओरडत होत्या.

राजरत्न, हे तिला वाचून दाखवताना दार लावून घे.
आत्या

परळ, मुंबई
१० जुलै २०२४

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे माझं मी लिहितेय. राजरत्नने कागदावर पट्टी धरलीय, एक ओळ झाली की तो ती खाली सरकवतो. अक्षरावर अक्षर चढलं असेल तर लावून घे.

तू शपथ घातलीस म्हणून सांगते. पाण्यानेच झालं, डबीतल्या. पण सगळं स्वतःवर घेऊ नकोस, मीही होते तिथे. तू मोरीपाशी बसून ती एवढीशी डबी धुवायचीस, बाळाला न्हाऊ घालावं तशी. मला दिसत होतं. पाणी नको लावू, हे रोज माझ्या ओठांवर यायचं. पण जिला सगळं लहानपण पाण्यावरून हाकललं, तिच्या हातातल्या पाण्याला मी नको म्हणायचं? आणि तुला हळू सांगून ऐकू येत नाही. लिहून एकदा सांगून झालं होतं, आता मला ओरडावं लागलं असतं. पाण्यावरून मी माझ्या आत्याला ओरडतेय, हे अख्ख्या चाळीने ऐकलं असतं. मला नाही गं जमलं. तू उठलीस की मी डबी औषधाने खंगाळून घ्यायचे. वाटायचं, तेवढ्याने भागेल. भागलं नाही.

ते जीव अजून मेलेले नाहीत. बुबुळ पांढरं पडलंय. नवं बसवायचं तर आधी ते मरायला हवेत, आणि बसवलं तरी दिसेलच असं कोणी म्हणत नाही. पूर्वी मी दर खेपेला विचारायचे, आता विचारत नाही. डॉक्टरही आपणहून बोलत नाहीत. दुखणं थोडं कमी आहे, एवढंच बरं.

तुझ्यावर राग नाही. खरंच नाही. माझ्यावर आहे, पण त्याचं करायचं काय? राजरत्न तुझी पत्रं वाचून दाखवतो, पण शाळेत धडा वाचावा तशी वाचतो, त्यात तू येतच नाहीस. पडल्या पडल्या सारखं एकच डोक्यात येतं, की तू आलीस तर आपण दोघी बोलायचं कसं. तुझं मला ऐकू येईल, पण मी बोलेन ते ओरडल्याशिवाय तुला ऐकू येणार नाही, आणि राजरत्न कामावर गेला की लिहायला पट्टी धरणारं कोणी नाही. परवा मी राजरत्नच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली. त्याला ताई एवढं कळलं. पुढचं काही लागेना, पुन्हा पुन्हा काढलं तरी लागेना.

तरी ये.

तुझीच,
रश्मी