गाडी जाईपर्यंत

प्रिय दादा,

परवा तुझा फोन अर्धवट राहिला, म्हणून लिहायला बसले. बाबांना पोचवून आल्यापासून घरात माणसांची ये-जा होती, ती आता थांबली. मी ठीक आहे. खोटं सांगत नाही, खरंच ठीक आहे, आणि हेच मला चमत्कारिक वाटतंय. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारच्या काकू दोनदा येऊन म्हणाल्या, रड गं बाई, मोकळी हो. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. जेवते, झोपते, मशीनवर लोकांचे कपडे शिवते. काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि इस्त्री करून देऊनही टाकला. ज्याचा आहे तो घालून बघेल तेव्हा येईलच बोंबलत.

गाव आहे तसंच आहे. इंजिनांच्या शेडमध्ये आता सिमेंटची पोती ठेवतात, पाण्याच्या टाकीत झाड उगवलंय. डोंगर चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचं, एवढ्यासाठी हे गाव वसलं. आता इंजिनंच दांडगी झाली, कुणी थांबत नाही. आवाज मात्र पूर्वीइतकाच, फळीवरची भांडी वाजतात. आणि आपली खोडही तीच. गाडी चढाला लागली की जो तो बोलता बोलता गप्प. ज्याचं वाक्य राहिलं त्यानं बोट वर धरायचं, गाडी गेली की समोरच्यानं ‘हं’ म्हणायचं, की तो राहिल्या शब्दापासून पुढे सुरू. शाळेत नवीन बाई आल्यात, त्या पहिल्याच दिवशी गांगरल्या. सगळा वर्ग एकदम बोटं वर करून बसला, त्यांना वाटलं सगळ्यांनाच बाहेर जायचंय.

आपल्या घरात ही रीत एकदाच मोडली, तू निघालास त्या दुपारी. तू बाबांना म्हणालास, जन्मभर मागच्या इंजिनावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या माथ्यापर्यंत ढकलल्यात आणि उलट पावली खाली आलात, पलीकडचं एक गाव पाहिलं नाहीत. ते म्हणाले, मग तू जा पलीकडे, परत तोंड दाखवू नकोस. मधे गाडी आली, पण दोघांपैकी एकही थांबेना. सगळी आळी गप्प, आणि आपल्या घरातून गाडीच्या वरताण आवाज. त्यानंतर बाबांनी तुझं नाव काढलं नाही. मी काढलं की भिंतीकडे तोंड करायचे. तुला मी फोनवर सांगायचे, बाबा मजेत आहेत. तसे ते होतेही म्हणा, जेवणखाण व्यवस्थित होतं.

परवा तू विचारलंस, बाबा शेवटी माझ्याबद्दल काही... आणि इथे गाडी आली. मी गप्प झाले. एवढ्या लांब, एवढी वर्षं राहून, फोनमधून तिचा आवाज ऐकून तूही गप्प झालास. गाडी गेल्यावर मी ‘हं’ म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं नाही. तू थोडा वेळ थांबलास आणि फोन ठेवलास.

तर आता सांगते. बाबा गेले त्या दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसून एका परकराला तुरपाई घालत होते. बाबा आपणहून म्हणाले, तुझ्या दादाला म्हणावं... आणि गाडी आली. बाबा थांबले. पांघरुणावरचं बोट उचलून धरलं. मी खाली मान घालून टाके घालत राहिले. गाडी गेली, मी ‘हं’ म्हटलं. परत म्हटलं. बोट खाली आलं होतं. पुढे काय म्हणणार होते, मला ठाऊक नाही. काकू म्हणतात, माफ केलं म्हणून लिहून टाक, कोण बघायला येतंय. ते मी लिहिणार नाही, बाबांच्या तोंडी माझे शब्द घालणार नाही. पण रागात असते तर ते गाडीसाठी थांबले नसते, हे तुला मी सांगायला नको. माझ्यापाशी एवढंच आहे. तू ये. रडायला मला घरचं माणूस लागणार, असं दिसतंय. गाडी इथे थांबत नाही, तेव्हा डोंगरापलीकडच्या जंक्शनला उतर, मी न्यायला येते. माथ्याच्या पलीकडे मीसुद्धा अजून गेलेली नाही.

वाट बघणारी, तुझीच
धाकटी