एकतीस मुलं, एकतीस शून्यं

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. पंचायतीच्या भिंतीवर सेक्रेटरीने कागद चिकटवला ती वेळ. मी समोरच उभी होते, घड्याळ पाहून घेतलं.

हैदराबादच्या एका संशोधन संस्थेचा अहवाल. विषय — मुलं, गाव आणि निसर्ग यांचं नातं. निष्कर्ष — 'या गावातील मुलांचा निसर्गाशी संबंध जवळजवळ तुटलेला आहे.' आमच्या गावातल्या मुलांचा! इथे दाराबाहेर पाय टाकला की कापूस, नाहीतर ज्वारी.

उपायही दिलाय. ओढ्याकाठच्या गायरानाला तारेचं कुंपण, आत 'निसर्ग परिचय उद्यान'. मुलांना शनिवारी दोन तास प्रवेश — मार्गदर्शकासोबत, पायात बूट घालून. गुरांना, बकऱ्यांना बंदी. काम २५ तारखेला सुरू.

तेहतीस वर्षं मी आदिलाबादला हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. इतका मूर्ख पेपर नापास मुलांनीसुद्धा लिहिला नव्हता.

५ ऑगस्ट

जयवंताबाई परसात निंदायला आली होती. तिला अहवाल वाचून दाखवला. ती आधी पोटभर हसली. "आमच्या पोरायले झाड दाखवाले हैदराबादून माणूस येते म्हणे. मंग बकऱ्यायले कोन दाखवते?"

मग विळा खाली ठेवला. "टीचर, पन बकऱ्या कुठं नेऊ मी?"

तिच्या सात बकऱ्या त्या गायरानावरच जगतात. तीही त्यांच्यावरच जगते.

६ ऑगस्ट

संस्थेच्या भार्गवला फोन केला. जूनमध्ये हाच मुलगा माझ्या ओसरीवर बसून एकतीस मुलांना प्रश्न विचारून गेला. मुलं मी गोळा केली, पोहे मी केले. आणि हे फळ.

"मॅडम, डेटा तो डेटा है. बच्चों ने खुद बोला." आवाज अगदी नम्र. नम्र माणसावर ओरडताही येत नाही. उत्तरपत्रिका मागितल्या. पाठवतो म्हणाला.

९ ऑगस्ट

माजी सरपंच चंपतराव भेटले. "टीचरबाई, काऊन भांडून राह्यल्या? तार फुकट लागून राह्यली, गावाचं नाव छापून आलं."

काय म्हणून छापून आलं ते वाचलंत का, विचारलं.

"तेलुगूत हाय न ते," म्हणाले आणि पान लावायला बसले.

१३ ऑगस्ट

उत्तरपत्रिका ई-मेलने आल्या. मागच्या सात दिवसांत झाडावर किती वेळा चढलात? शून्य. ओढ्यात उतरलात? शून्य. मातीत खेळलात? शून्य. एकतीसच्या एकतीस.

सुवर्णासुद्धा शून्य! जयवंताबाईची ही अकरा वर्षांची पोरगी बकऱ्यांमागे अनवाणी फिरते. वनस्पतिशास्त्राची पदवी माझी, पण गायरानावरचा तरोटा कोणता आणि कुरडू कोणता, हे मला ओळखायला शिकवलं तिने. ती शून्य?

या पत्रिका बनावट आहेत. एका जागी बसून भरल्यात. तसं संचालकांना स्पष्ट लिहिलं, भार्गवच्या नावासकट. पाठवलं.

१६ ऑगस्ट

उत्तर नाही. जयवंताबाईने दोन बकऱ्या विकल्या. उरलेल्यांकडे बघवत नाही.

१९ ऑगस्ट

संस्थेचं पत्र. भार्गवची चौकशी होणार, तोवर त्याला कामावरून दूर ठेवलंय. कुंपणाचं काम मात्र ठरल्याप्रमाणे.

त्याचं वाचून मला बरं वाटलं. खरं ते लिहिते — बरं वाटलं. बाकी सगळा अंधार. सहा दिवस उरलेत. तहसीलला जाऊन आले. 'अर्जी ठेवून जा' म्हणाले. ठेवून आले. तिथे तशा ढिगाने आहेत.

२१ ऑगस्ट

चौकशीत मुलांचे जबाब जोडावेत म्हणून सुवर्णाकडे गेले. अंगणात पोळ्यासाठी मातीचे बैल करत बसली होती. कोपरापर्यंत चिखल. म्हटलं, तू शून्य सांगितलं नव्हतंस, एवढं लिहून दे.

"म्याच सांगतलं टीचर."

"काऊन?" माझ्याही तोंडून गावचाच शब्द आला.

"तुमीच तं शिकवलं होतं. आदल्या दिवशी. पाहुन्यासमोर चिखलाचं नाव काढाचं नाही. झाडावर चढता का म्हनलं तं नाही म्हनाचं, ओढ्यात जाता का म्हनलं तं नाही म्हनाचं. दोनदा वदवून घेतलं आमच्याकडून. नखं पन तुमीच कापले."

घेतलं होतं. नखंही कापली होती.

तेहतीस वर्षं तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांना रांगेत उभं केलं आणि उत्तरं घोटून घेतली. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून घोटून घ्यायच्या. याला खोटं म्हणतात असं कधी मनातच आलं नाही. धुतलेला युनिफॉर्म घालतात, तसं हे. करून मोकळी झाले आणि विसरले.

"कोनं रागे भरलं का तुमाले?" पोरीने विचारलं.

२२ ऑगस्ट, पोळा

सगळं गाव बैलांमागे. मी दार लावून बसले. गप्प राहिले तर कोणाला कळणार नाही. मुलांना त्यात काही वावगं वाटतच नाही. भार्गवला दुसरी नोकरी लागेल, तरुण आहे. असं मी स्वतःला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ते सिस्टरच्या आवाजात ऐकू आलं.

२३ ऑगस्ट, शनिवार, दुपारी चार

जयवंताबाईला सगळं सांगून आले. ती एवढंच म्हणाली, "मंग तसं लिवा न त्यायले." संचालकांना पाठवलं. नक्कल इथे —

'भार्गव यांनी जे ऐकलं तेच लिहिलं. एकतीस शून्यं माझी आहेत. ती मी मुलांना पाठ करून दिली होती. माझा १३ तारखेचा आरोप खोटा आहे, आणि त्या शून्यांवर काढलेला अहवालाचा निष्कर्षही. भार्गव यांना कामावर परत घ्यावं आणि मुलांना त्यांनीच पुन्हा विचारावं. त्या दिवशी मी गावात नसेन. भार्गव परत कामावर आल्याचं आणि कुंपण थांबवल्याचं लेखी उत्तर सोमवार, २५ ऑगस्ट, सकाळी नऊच्या आत, पहिला खांब रोवण्याआधी, मला मिळालं पाहिजे.'