त्याच नावाची फाइल असेल तर

प्रिय चिमे,

तुझा कागद पोचला. नव्या नोकरीतला पहिलाच कनेक्टर, सोमवारी सकाळी चालू करायचा, आणि त्याआधी ताईची एक नजर हवी. काय ते सुंदर अक्षर, प्रत्येक सेटिंगपुढे कारणही लिहिलेलं. चौदा महिने घरात बसून काढलेस, पण शिस्त काही सुटली नाही तुझी. बाबा म्हणतात, फोनवर तू परत हसायला लागली आहेस. ऐकून बरं वाटलं, असं मी त्यांना सांगितलं.

हे काम तुला मीच शिकवलं. फाइल एका यंत्रात ठेवत नाहीत, तुकडे करून अनेक यंत्रांवर ठेवतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती; आणि कनेक्टर म्हणजे इकडून वाचून तिकडे लिहिणारा हमाल, सांगितलं तेवढंच करणारा. तू वही उघडून बसायचीस, माझा चहाचा कपसुद्धा विसळून आणायचीस. दीड वर्षात माझ्यावरची साहेब झालीस. तेही मी गिळलं, खरंच. मोठी कष्टाळू, धाकटी हुशार, हे बाबांचं जेवतानाचं पालुपद तर लहानपणापासून कानांना सवयीचं. गिळवलं नाही ते एकच. एकदा मी पासवर्ड फाइलमध्ये उघडाच ठेवून गेले होते. तू तो गुपचूप काढलास, माझ्या टेबलापाशी वाकून हळूच सांगितलंस आणि खांद्यावर हात ठेवलास. चारचौघांत झापलं असतंस तर मी कडाकडा भांडले असते आणि विसरूनही गेले असते.

आता त्या दिवसाचं सांगते. दवाखान्याच्या दोन शाखांचे जुने एक्स-रे नव्या साठवणीत न्यायचे होते. पहिल्या शाखेचे जाऊन बसले होते, दुसरीचे राहिले होते. तू सेटिंग्ज भरल्यास आणि रीतीप्रमाणे तपासायला माझ्याकडे दिल्यास. पत्ता बरोबर, परवानग्या बरोबर. शेवटची ओळ होती, त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं: थांबायचं, नवं नाव द्यायचं, की जुनीवर लिहायचं? चाचणीला सोयीचं पडतं म्हणून तू 'जुनीवर लिही' ठेवलं होतंस आणि नंतर बदलायला विसरलीस. फाइलचं नाव म्हणजे रुग्णाचा नंबर, आणि दोन्ही शाखांचे नंबर एकपासूनच सुरू होतात, हे तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

ती ओळ मी वाचली, चिमे. पुन्हा वाचली. मग खाली 'तपासलं' लिहून सही केली आणि जेवायला गेले.

जेवून येईपर्यंत अकरा हजार माणसांचे फोटो गेले होते. तीन प्रती असून काय उपयोग, तिन्हींवर इमानेइतबारे नवं लिहिलं गेलं. पहिल्या शाखेची जुनी साठवण पुसून झाली होती, मूळ फिल्म केव्हाच मोडीत गेल्या होत्या, आणि तीन प्रती आहेतच म्हणून वेगळा बॅकअप ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती. एका बाईंच्या छातीच्या जागी भलत्याच पुरुषाचा गुडघा उघडला, तेव्हा मी पडद्याकडे नाही, तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. चौकशीत तू म्हणालीस, ताईने घाईत नजर टाकली, तिचा काही दोष नाही. तुला काढलं. तुझी खुर्ची मला मिळाली. पुढे कितीतरी महिने तू कीबोर्डला शिवायची नाहीस. मी शेजारी बसून तुझ्या पाठीवरून हात फिरवायचे, होतं गं असं म्हणायचे. मला तेव्हा फार छान वाटायचं.

हे सगळं पोटात ठेवून मी मजेत होते. पण कागदाबरोबर तू चिठ्ठी जोडलीस की ताई, जगात फक्त तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे. म्हणजे मी इतकं करूनही तुझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. ते मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहिलेलं नाही. तुझा कागद मी तीन वेळा, ओळ न् ओळ वाचला. एकही चूक नाही. सोमवारी बिनधास्त चालू कर.

तुझीच,
ताई