एफ्रेनचं धुणं

१२ जानेवारी

आज हसले. हसायला नको होतं!

माझा एफ्रेन पाठीला बाळ बांधून गावच्या धुण्याच्या दगडांवर गेला होता. सकाळी दुधाचे कॅन पोचवून आला की धुणं तोच करतो. त्याची बायको लुर्देस गुलाबांच्या मळ्यात असते. प्रेमिकांचा दिवस जवळ आला, की परदेशी जाणाऱ्या फुलांसाठी तिथे सूनबाई काय, सगळ्याच बाया रात्रीपर्यंत राबतात.

तो लुर्देसचा झगा पिळत होता. दोरिला मला मोठ्याने म्हणाली, "कोमाद्रे, पोराला एक घेरदार घागरा शिवून द्या आता! पॅन्ट भिजते बिचाऱ्याची!" दोरिला माझ्या नातीची, नायेलीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो; तिच्या तोंडी कोण लागणार? सगळ्या हसल्या. मीही.

एफ्रेनने वर पाहिलं. दोरिलाकडे नाही — माझ्याकडे.

१३ जानेवारी

उजाडायच्या आत जाऊन सगळं धुऊन आणलं. पाण्याने बोटं बधिर.

१६ जानेवारी

"माझं धुणं कुठंय?"

"झालं."

"मी नीट धूत नाही का?"

"तसं नाही रे. तू जा मैदानावर. व्हॉलीबॉल चाललाय. बाप्याने जरा बाप्यांत बसावं."

गेला. संध्याकाळी आला तो लालबुंद होऊन, हसत. दोन डाव जिंकला म्हणे. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

लुर्देस उशिरा आली. हातात काटे मोडलेले. मालक तिला फुलं निवडायच्या खोलीची मुकादम करतोय! प्रेमिकांच्या दिवसाआधी सांगायचंय. "घरी हा आहे म्हणून हो म्हणायची हिंमत होते," म्हणाली. एफ्रेन म्हणाला, "घे की!" आणि जेवायला बसला.

१९ जानेवारी

नायेलीच्या वेण्या तोच घालायचा, जिभेचं टोक बाहेर काढून, पाणी लावून. आज दोरिला दारात आली, म्हणून मी त्याच्या हातून फणी घेतली.

"तू ओढतेस," नायेली म्हणाली. "पप्पा ओढत नाही."

"सवय होईल."

कुणाला सवय होईल म्हणून बोलले मी?

२२ जानेवारी

बटाट्याचं सूपही आता माझ्याकडे. गुडघे दुखतात. पुस्तक उघडलेलं नाही. एफ्रेन शाळेत होता तेव्हा त्याच्या शेजारी बसून अक्षरं शिकले. तो बोट ठेवायचा, मी वाचायचे. कधी कंटाळला नाही.

२५ जानेवारी

झाडत होते. एफ्रेन बाकावर बसलेला. झाडू जवळ आला तसे त्याने पाय वर उचलले. नुसते पाय!

माझा नवरा अबेलार्दो अगदी असेच उचलायचा. तेव्हा मला त्यातही माया वाटायची — निदान उचलतो तरी! तो गेल्यावर कितीदा त्या बाकाखाली झाडताना थांबले असेन. पाय नाहीत तिथे.

आज माया वाटली नाही. भीती वाटली.

२८ जानेवारी

लुर्देस आली तेव्हा बाळ ओलं, रडून घसा बसलेलं. मी चुलीपाशी, नायेली उपाशी, एफ्रेन मैदानावर. लुर्देसने बाळ धुतलं, भांडी घासली, अंगातला कोट न काढता.

मग म्हणाली, "मुकादमकीला नाही म्हणणार आहे. तुमचे हाल बघवत नाहीत, आई."

तेव्हा बोलायचं होतं. हे मी केलंय, म्हणायचं होतं. मी म्हणाले, "सूप गरम आहे, जेवून घे."

भित्री बाई मी.

३० जानेवारी

एफ्रेनला म्हटलं, उद्यापासून धुणं तू कर.

हसला. वाईट हसला असं नाही — लाडात हसला. "तूच म्हणालीस ना, बाप्यांत बस? आता कुठे घेतलंय त्यांनी मला संघात! परत पिळायला बसलो तर काय म्हणतील?"

"काहीही म्हणू देत."

"तू हसली होतीस, आई."

एवढंच. आवाजही चढवला नाही त्याने.

१ फेब्रुवारी

निघाले. एफ्रेनला सांगितलं, गुडघे दाखवायला इबार्राला कार्मेलाकडे जाते. धाकटी लेक माझी, परिचारिकेचं शिकते तिथे शहरात.

लुर्देसला फाटकाशी गाठून खरं सांगितलं. धुणं, मैदान, फणी, सगळं. "नाही म्हणू नकोस त्यांना. चार दिवस थांब. मी नसले की त्याला कामाला हात लावावाच लागेल."

मला वाटलं, आता बोलेल, चांगली झाडेल. झाडलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझी शाल खांद्यावर नीट केली. "चांगलं चाललं होतं ना, आई," म्हणाली. आणि पळाली, मळ्याची गाडी चुकेल म्हणून.

३ फेब्रुवारी

कार्मेलाची खोली एवढीशी. मला चुलीला हात लावू देत नाही. "बस. वाच." सोमवारी तिची परीक्षा. ती तिचं वाचते, मी माझं. दुपारभर कोणी काही मागितलं नाही!

तरी एक ओळ दहादा वाचली. कानात बाळ रडतंय.

घरून फोन नाही. म्हणजे जमतंय त्याला. जमायचंच, हात चांगला आहे त्याचा.

५ फेब्रुवारी

एफ्रेनचा फोन आला. मला नाही — कार्मेलाला.

तिने पुस्तकं मिटली, पिशवी भरली. "दादाला जमत नाहीये. वहिनी उशिरा येते. तू नको येऊस, गुडघे सांभाळ. मी आठ दिवस जाऊन येते. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन."

बसपर्यंत मागे गेले. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तीन पावलांवर होती. तोंड उघडलं, आणि निघालं काय तर —

"बाळाचे लंगोट उन्हात वाळव हं. आत दमट राहतात."

"माहितीये गं," कार्मेला म्हणाली, आणि चढली.