तोंडाले लावायचं केमिकल

माय, तुह्या वक्ताले केमिकल म्हणजे एकच, कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचं औषध. तू ते काडीनं ढवळायची, मंग राखेनं हात घासायची, तरी भाकरीले वास यायचा. म्हणून माह्या पोरीनं उन्हाची क्रीम आणली अन् "केमिकलवाली आहे, तोंड पांढरं दिसत नाई" म्हणाली, तवा मी ट्यूब तिच्याच अंगावर फेकली.

पण तोंड तर जळूनच राह्यलं होतं. निंदाले गेली का गालावर लाल चट्टे, नुसती आग. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, तुमच्या चामडीला ऊन सोसत नाही. तोंड बांधा, क्रीम लावा, नाहीतर दिवसाचं वावर सोडा. वावर सोडून काय भिंती पाहत बसू? चार बायांत भाकर सोडल्याशिवाय मले दिवस गेल्यासारखा वाटतच नाई.

मंग लावली. स्नो लावतो तशी, टिकलीएवढी, तेबी वावराच्या धुऱ्यावर पोचल्यावर. दुपारी गाल पेटले. घरी येऊन पोरीवर ओरडली, "जाळलं ना तुह्या केमिकलनं!"

"मा, किती लावली?"

मी बोटाचं टोक दाखवलं.

"एवढ्यानं तुहा कान तरी झाकते का? दोन बोटं भरून घ्या लागते, घरून निघायच्या आंधी. घाम पुसला का पुन्हा."

तरी मी डॉक्टरीनबाईले धरलंच. हे करते काय, अन् रक्तात जाते का? ती म्हणे, "ऊन अंगात शिरायच्या आधी हे पिऊन घेतं, त्याची जराशी गरमी करून सोडून देतं. रक्तात थोडं जातं, काही काही जातीचं. त्यानं माणसाला अपाय झालेला दिसला नाही, पण तपासणं चालू आहे. मन मानत नसेल तर जस्ताची पांढरी क्रीम घ्या, ती चामडीच्या वरच राहते. तुमचं तोंड ऊन जाळतंय, हे मात्र पक्कं."

रक्तात जातं म्हणाली म्हणून मी ऐकलं. काहीच होत नाई म्हणाली असती तर उठून आली असती. फवारायचं औषध विकणारा तुले तसंच सांगे, "बाई, काही होत नाई."

लहानपणी एकदा वावरात गाल भाजले म्हणून मी रडली, तर तू म्हणाली, "मेणाची हायेस का? उचल टोपलं." लय वर्षं राग होता मले त्याचा. आता आरशात पाहतो तर तुह्यावाले डाग, त्याच जागी. आमी तो तुहा रंगच समजलो. तुलेबी आग होत असंन, माय, अन् तू बोलली नाई.

आता रोज लावतो. बाया चिडवतात, "काय वो, पिच्चरमधी चालली का?" मी म्हणतो, "हो, तुमाले तिकीट नाई." चट्टे गेले, वावर सुटलं नाई.

तू तर गेली, ही चिठ्ठी कुठं धाडू? उशीखालीच ठेवतो. पोरीले वाटते, मले पटलं. भेव गेलं नाई, माय. रोज झाकण उघडतो तवा तुहे हात दिसतात. मंग दोन बोटं भरून घेतो.